तुझ्या तक्त्यातले दोन रकाने

अनेक आशीर्वाद.

तक्ता मिळाला. डावीकडे चार अमेरिकी टीव्ही नेटवर्कांचे (एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स) प्राइम टाइमचे प्रेक्षक, उजवीकडे त्यांचं जाहिरातींचं वार्षिक उत्पन्न, आणि खाली तुझा प्रश्न: ज्याला जास्त लोक बघतात त्यालाच जास्त पैसा का मिळत नाही? प्रश्न चोख आहे. तक्ता मात्र मोडावा लागेल.

प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या एकूण आकड्यात दोन वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे येतात. जाहिरातदार मात्र वर्षानुवर्षं १८ ते ४९ वयाच्या माणसांसाठीच पैसे मोजत आला. सीबीएसने १९७१ मध्ये काय केलं बघ. ‘मेबेरी आरएफडी’ आणि ‘ही हॉ’ हे कार्यक्रम पहिल्या विसात होते, तरी दोन्ही बंद केले. प्रेक्षक भरपूर होता, पण वयस्क आणि खेड्यापाड्यातला. जाहिरातदाराला हवा होता शहरातला तरुण. चालत्या गाड्याला खीळ घातली असं लोक म्हणाले असतील. हिशेबाच्या वहीत ते शहाणपण होतं.

म्हणून आधी दर हजार प्रेक्षकांमागे जाहिरातीचा भाव काढ. समज, तीस सेकंदांचा दर १ लाख डॉलर आणि प्रेक्षक ५० लाख; हजारी २० डॉलर पडले. दुसरीकडे दर ९० हजार, प्रेक्षक ३० लाख, हजारी ३०. रेटिंगमध्ये मागे असलेला भावात पुढे गेला. हा रकाना तुझ्याकडे नाहीच.

तासही सारखे नाहीत. एबीसी, सीबीएस, एनबीसी यांचा प्राइम टाइम आठवड्याला २२ तास, फॉक्सचा १५. रात्री दहानंतरची वेळ फॉक्स स्थानिक केंद्रांना सोडतं. एकूण उत्पन्न शेजारी शेजारी मांडलंस तर फॉक्स उगाच बारीक दिसेल.

शिवाय हंगामातल्या वेळेचा मोठा भाग आधीच, उन्हाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या आगाऊ विक्रीत, म्हणजे अपफ्रंटमध्ये, विकला जातो. कार्यक्रम नंतर आपटला तर दिलेल्या हमीपोटी भरपाईच्या फुकट जागा द्याव्या लागतात, त्याला मेक-गुड म्हणतात. यंदाचं रेटिंग आणि यंदाचं उत्पन्न यांची गाठ त्यामुळे सैलच असते.

आणि वर्ष बघून घे. ऑलिंपिकचं वर्ष एनबीसीला फुगवतं, सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, नेटवर्कांत आळीपाळीने फिरतो. उमेदवारीत मी असंच एक फुगलेलं वर्ष सरासरीत घुसवलं होतं. साहेबांनी कागद परत दिला, एक शब्दही न बोलता. अजून आठवतं.

खेळ वेगळे काढून नवा तक्ता पाठव. फॉक्सचं रविवार दुपारचं फुटबॉल मात्र तुला छळणार: त्याचा पैसा तुझ्या उजव्या रकान्यात आहे, आणि ते बघणारी माणसं डाव्या रकान्यात कुठेच नाहीत.