आमच्या कोडिंग ग्रुपवर नवी मुलं प्रश्नच विचारत नाहीत. त्यांना मोकळं वाटावं म्हणून काय करावं?

विचारतात हो. एकदा विचारतात, तोंडावर आपटतात, मग गप्प बसतात.

स्वागताचा मेसेज पिन करा वगैरे इतर जण सांगतीलच. मी आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवरचं सांगतो. उद्यमनगरात सीएनसी मशीनवर (संगणकानं चालणाऱ्या) काम करणारा एक पोरगा, रोजचं प्रॉडक्शन एक्सेलमध्ये भरून वैतागला म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होता. सेकंड शिफ्ट उरकून रात्री त्यानं मोबाईलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो टाकला. खाली, ‘चालंना झालंय, काय चुकलंय?’ लगेच हसण्याचे इमोजी. एकाचं ‘भावा, आधी गूगल कर की’. त्यावर ॲडमिनसाहेब: ‘स्क्रीनचे फोटो टाकू नयेत, नियम वाचा.’

फोटो मोठा करून बघितला, तर प्रिंट या कमांडच्या कंसातली अवतरणचिन्हं वळणदार. कोड वर्डमधल्या नोट्समधून कॉपी केलेला होता. वर्ड सरळ चिन्हं आपोआप वळवतं आणि पायथनला ती चालत नाहीत. एररमध्ये ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ लिहिलेलं असतं, पण नवख्याला दोन्ही चिन्हं सारखीच दिसतात. तो गूगलवर शोधणार काय, कपाळ? ‘ती चिन्हं पुसून कीबोर्डवरून परत टाइप कर,’ एवढंच मी लिहिलं. ‘चाललं सर,’ म्हणाला आणि सकाळी ग्रुप सोडून गेला.

ॲडमिनचं अजून तेच पालुपद: सोप्या प्रश्नांनी दर्जा घसरतो, जाणकार निघून जातात. अहो, जगभरचे प्रोग्रामर जिथं अडलेलं विचारतात त्या स्टॅक ओव्हरफ्लो वेबसाइटनं २०१८ मध्ये स्वतःच जाहीर कबूल केलं की नवख्यांना आणि बायकांना आपल्याकडं परकं वाटतं. आपला दर्जा त्याहून मोठा लागून गेला काय?

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी चूक दाखवा, मग एरर फोटोऐवजी कॉपी करून टाकायला शिकवा. क्रम उलटा केलात की माणूस गेला. ‘गूगल कर’ म्हणणाऱ्याला एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर, मग तो कितीही सिनियर असो.

हां, रात्री अकराला अख्खी असाइनमेंट टाकून ‘अर्जंट आहे’ म्हणणारे वेगळे. त्यांना मीही उत्तर देत नाही. पण त्यांच्याकडं बोट दाखवून त्या पोराला हाकलणं मला पटलेलं नाही. आणि ॲडमिनसाहेब, हे वाचत असाल तर जरा वर स्क्रोल करून बघा, तुमच्या जाणकारांनी एवढ्यात टाकलंय काय: नोकरीच्या लिंका आणि गुड मॉर्निंग.