घरी बनवलेलं हाय-गेन डिस्टॉर्शन पेडल शिट्टी का मारतं? मेटल वाजवायला कुठलं सर्किट घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की टीएल०७१ ही ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) घालून झिरो पीसीबीवर पेडल जोडलं, गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) हजारापर्यंत नेला, आणि आता नॉब अर्ध्याच्या पुढे गेला की शिट्टी सुरू होते. शिट्टी नसते तेव्हाही जाड ई तारेवरच्या पाम म्यूटचा (तळहात टेकवून दाबलेल्या सुराचा) नुसता काला होतो. गेन अजून वाढवू की सर्किटच बदलू, असा तुमचा प्रश्न आहे.

गेन वाढवू नका. तो तुमच्याकडे आत्ताच गरजेपेक्षा जास्त आहे. हाय-गेन आवाज ठरतो तो क्लिपिंगच्या (लाटेचे शेंडे कापण्याच्या) आधी कुठली फ्रीक्वेन्सी किती आत सोडली आणि क्लिपिंगनंतर कुठली कापली यावर. पेडल गप्प बसेल की ओरडेल हे ठरतं वायरिंगवर. गेनचा आकडा या दोन्हींच्या मागे येतो.

सर्किट मात्र बदला, आणि रॅट बनवा. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामाझू गावच्या प्रो को कंपनीने १९७८ च्या सुमारास हे पेडल आणलं. भाग मोजके आहेत, सगळे आपल्याकडे मिळतात, आणि त्यातला एकेक भाग काय करतो हे कानाने पडताळता येतं. स्टॉकहोमच्या डेथ मेटलवाल्यांचं बॉसचं एचएम-२ तुमच्या मनात असेल, पण त्यातला इक्वलायझर बराच गुंतागुंतीचा आहे. पहिल्या पेडलसाठी तो नको.

रॅटचा जीव गेनच्या जोडणीत आहे. ऑप-अँपच्या पिन ६ पासून पिन २ पर्यंत १०० के (किलोओहम) चा डिस्टॉर्शन पॉट, म्हणजे नॉबने बदलणारा रेझिस्टर, त्याला समांतर १०० पिकोफॅरड. पिन २ पासून ग्राउंडकडे दोन वाटा: एकीत ५६० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड, दुसरीत ४७ ओहम आणि २.२ मायक्रोफॅरड. पहिली वाट ६० हर्ट्झच्या वर उघडते आणि सुमारे १८० पट गेन देते. दुसरी हळूहळू उघडत १५४० हर्ट्झच्या पुढे पूर्ण मोकळी होते, आणि दोन्ही मिळून हिशेब २३०० पटीवर, म्हणजे ६७ डेसिबलवर जातो. थोडक्यात, खर्जाला कमी गेन आणि वरच्या सुरांना जास्त.

प्रत्यक्षात तेवढा गेन मिळत नाही, आणि तेच चांगलं आहे. मूळ रॅटमधली एलएम३०८ ही संथ चिप होती. ती बनायची बंद झाल्यावर कंपनीनेही ओपी०७ घालायला सुरुवात केली. ओपी०७ चं गेन-बँडविड्थ, म्हणजे गेन आणि फ्रीक्वेन्सीचा गुणाकार, सुमारे ०.६ मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे १ किलोहर्ट्झला ती फार तर ६०० पट देणार आणि ५ किलोहर्ट्झला १२० पट. वरची किरकिर चिपच गिळते आणि सगळा जोर मधल्या पट्ट्यात राहतो. टीएल०७१ चा हाच आकडा ३ मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे ५ किलोहर्ट्झलाही ती ६०० पट देते. तुमच्या शिट्टीचं अर्धं कारण हे आहे. चिप हाय-फायसाठी उत्तम आहे, पण या जागी तिचा वेगच नडतो. ओपी०७ लगेच मिळाली नाही तर कॉलेजच्या लॅबमधली ७४१ लावून बघा. खरखर थोडी जास्त येईल, पण स्वभाव जवळचा आहे. तिन्ही चिपांच्या २, ३, ४, ६, ७ या पिना सारख्याच असतात, म्हणून आयसी बेस लावा आणि चिप बदलून ऐका. एलएम३०८ च्या नकाशात पिन १ आणि ८ मध्ये ३० पिकोफॅरड दिसेल. ओपी०७ ला तो लावायचा नाही, त्या पिना मोकळ्या ठेवायच्या.

आता पाम म्यूट. खालची ई तार ८२ हर्ट्झला वाजते. रॅटच्या मूळ किमतींना, गेन पूर्ण असताना, तिथे सुमारे २३० पट मिळतात. एवढ्या खर्जाने आवाज कापणारे डायोड सतत दाबलेले राहतात आणि तारेवरचा पिकचा आघात त्याखाली हरवतो. म्हणून मेटलसाठी दोन्ही वाटांमधले कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचे लावा. ८२ हर्ट्झचा गेन १०० च्या आसपास उतरतो. १ किलोहर्ट्झला फारसा फरक पडत नाही, कारण तिथे चिपचीच मर्यादा आधी आडवी येते. हा बदल मला पूर्ण सर्किटमध्ये सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खर्ज हवाच असेल तर तो नंतर अँपवर वाढवा. क्लिपिंगच्या आधी वाढवलेला खर्ज परत सोडवता येत नाही. ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल पुढे लावून मेटल वाजवणारे हेच करत असतात, त्यात ७२० हर्ट्झच्या खालचा गेन मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

बाकी सिग्नलची वाट सरळ आहे. गिटारकडून २२ नॅनोफॅरड, मग १ के, मग पिन ३. पिन ३ ला १ मेग साडेचार व्होल्टच्या बिंदूकडे आणि १ नॅनोफॅरड ग्राउंडला. साडेचार व्होल्टसाठी १० के चे दोन रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरड पुरे. पिन ६ वरून ४.७ मायक्रोफॅरड, धन टोक चिपकडे, मग १ के, मग दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट ग्राउंडला. इथे आवाज ०.६ व्होल्टला कापला जातो. त्यापुढे १.५ के, १०० के चा फिल्टर पॉट आणि ३.३ नॅनोफॅरड ग्राउंडला. हा फिल्टर एका टोकाला ३२ किलोहर्ट्झवर असतो, म्हणजे नसल्यासारखाच, आणि दुसऱ्या टोकाला ४७५ हर्ट्झपर्यंत खाली येतो. नॉब उजवीकडे फिरवला की आवाज गडद होतो. पहिल्यांदा वाजवताना हे उलटं वाटतं, पण मूळ पेडलमध्येही तसंच आहे.

शेवटच्या बफरला (पुढच्या जोडणीचा भार मागे येऊ न देणाऱ्या टप्प्याला) मूळ सर्किटमध्ये २एन५४५८ हा जेफेट प्रकारचा ट्रान्झिस्टर आहे. त्याच्यामागे धावू नका. बीसी५४९सी हा साधा ट्रान्झिस्टर घ्या, बेसला २२ नॅनोफॅरडने सिग्नल आणि १ मेगने साडेचार व्होल्ट द्या, एमिटरला १० के, आणि एमिटरवरून १ मायक्रोफॅरडने १०० के च्या व्हॉल्यूम पॉटकडे. बफर गाळून फिल्टरमधून थेट व्हॉल्यूमकडे जाण्याचा मोह होईल. तसं केलंत तर फिल्टर गडद करताच आवाज निम्म्यावर येतो.

डायोडची जागा प्रयोगासाठी मोकळी ठेवा. तिथे लाल एलईडीची जोडी लावली तर कापणी साधारण १.७ व्होल्टला होते, आवाज मोठा आणि मोकळा होतो, आणि पिक जोरात मारली की फरक कळतो. जुन्या रेडिओतले ओए७९ डायोड मिळाले तर आवाज लवकर दबतो आणि मऊ लागतो. मेटलच्या रिफला मी एलईडी लावते, कारण पाम म्यूटनंतरची शांतता त्यात जास्त स्पष्ट राहते.

सामान पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं. दुकानात नॅनोफॅरड सांगण्यापेक्षा वर छापलेला आकडा सांगा: २२ नॅनोसाठी २२३, ३.३ नॅनोसाठी ३३२, १ नॅनोसाठी १०२, १०० पिकोसाठी १०१, आणि १ मायक्रोसाठी १०५. सिग्नलच्या वाटेत शक्यतो बॉक्स कपॅसिटर घ्या. तिन्ही पॉट लॉग हवेत, म्हणजे मागे ए१००के लिहिलेले. बी लिहिलेला लिनियर पॉट लावला तर डिस्टॉर्शनची सगळी मजा नॉबच्या एका कोपऱ्यात गोळा होते.

आता वायरिंग, जिथे तुमची बाकीची अर्धी शिट्टी आहे. हे सर्किट इन्व्हर्ट करत नाही, आउटपुट इनपुटच्याच दिशेने हलतो. ६०० पट गेन असताना आउटपुटचा सहाशेवा भाग जरी हवेतून इनपुटच्या वायरवर परतला तरी ऑसिलेशन सुरू होतं. दोन उघड्या वायरी शेजारून गेल्या की तेवढं होतंच. म्हणून इनपुट जॅक एका बाजूला आणि आउटपुट दुसऱ्या बाजूला ठेवा, इनपुटची वायर शिल्डेड घ्या, शिल्ड फक्त एका टोकाला ग्राउंड करा, आणि पिन २ व ३ कडची जोडणी आखूड ठेवा. डिस्टॉर्शन पॉटच्या दोन्ही वायरी पिळून न्या. डबा धातूचाच हवा आणि तो ग्राउंडला जोडलेला हवा. प्लॅस्टिकच्या डब्यात हे सर्किट कितीही नीट जोडलं तरी ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर त्यात ऐकू येतात.

फूटस्विचचा एक भाग बरेच जण सोडून देतात. नऊ पायांच्या थ्रीपीडीटी स्विचमध्ये बायपास (पेडल बंद, गिटार थेट अँपला) असताना सर्किटचा इनपुट ग्राउंडला गेला पाहिजे. तो लोंबकळत राहिला तर बंद पेडलही आतल्या आत ओरडत राहतं आणि ते ओरडणं स्वच्छ आवाजात झिरपतं.

अ‍ॅडॉप्टरबाबत विशेष काळजी घ्या. पेडलचा प्लग मध्ये ऋण असतो आणि घरातल्या राउटरचा मध्ये धन. राउटरचा लावून बघू म्हणून चिप जाळू नका. पुरवठ्यात सुरुवातीलाच १एन५८१७ डायोड सिरीजमध्ये टाका, मग ४७ ओहम, मग १०० मायक्रोफॅरड. आणि डीसी जॅक प्लॅस्टिकचाच घ्या. मध्ये ऋण म्हणजे बाहेरच्या कड्याला धन येतं. धातूचा जॅक धातूच्या डब्यात कसलात तर थेट शॉर्ट. शिट्टी शोधत असताना मात्र ९ व्होल्टची बॅटरीच वापरा, म्हणजे अ‍ॅडॉप्टरची घरघर आणि सर्किटची चूक यांची सरमिसळ होणार नाही. घरातल्या प्लगला खरं अर्थिंग आहे ना, हेही पाहा. तार धरली की घुं कमी होते आणि सोडली की वाढते, असं होत असेल तर आधी अर्थिंग तपासा.

तुम्ही अँप लिहिलेला नाही म्हणून विचारते: पेडल होम थिएटरला किंवा थेट साउंड कार्डला जोडून ऐकताय का? तसं असेल तर कुठलंही डिस्टॉर्शन डब्यात कोंडलेल्या माश्यांसारखंच वाजणार. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गाळतो, आणि डिस्टॉर्शन पेडल त्या गाळण्याचा हिशेब धरूनच बनवलेलं असतं. संगणकावर ऐकायचं असेल तर पुढे कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) लावा, मगच सर्किटविषयी मत बनवा.

जोडून झाल्यावर चिप बसवायच्या आधी बेसवर मल्टिमीटर लावा. पिन ७ वर ९ व्होल्टच्या जवळ आणि पिन ४ वर शून्य हवं. मग चिप बसवा. पिन २ आणि ६ वर ४.५ च्या आसपास यायला हवं. पिन ३ वर ४.१ दिसलं तर घाबरू नका. तिथे १ मेगमधून पुरवठा येतो आणि १० मेगचं मीटर स्वतःच तो थोडा खाली ओढतं. पिन ६ शून्याला किंवा ९ ला चिकटली असेल तर पिन २ कडच्या एखाद्या कपॅसिटरमधून डीसी गळतोय किंवा सोल्डरचा पूल झालाय. व्होल्टेज बरोबर असूनही आवाज नसेल तर अँपच्या केबलच्या टोकाला १०४ चा कपॅसिटर लावा आणि इनपुटपासून एकेका बिंदूला टेकवत पुढे जा. जिथे आवाज तुटतो, त्याच्या लगेच आधीचा भाग काढून बघा.

आधी फक्त चिप बदला, मग दोन कपॅसिटर, मग वायरी, आणि प्रत्येक बदलानंतर तोच एक रिफ वाजवून ऐका. त्यानंतरही शिट्टी राहिली तर या पाचही पिनांचे व्होल्टेज आणि बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाका. नॉब किती वाजता असताना शिट्टी सुरू होते आणि फिल्टर फिरवला की ती बदलते का, तेही लिहा. फिल्टरने बदलत असेल तर आउटपुटची वायर इनपुटजवळून जातेय, आणि बदलत नसेल तर दोष ऑप-अँपच्या आसपासच्या जोडणीत शोधू.