तंत्र-शंका : एक पुस्तक, चार ओळी

प्रश्न : आमच्या वाचनालयाची यादी एक्सेलमध्ये आहे. पुस्तकाच्या पहिल्या ओळीत दाखल क्रमांक, नाव, खरेदीची तारीख आणि लेखक. सहलेखक खालच्या ओळींत, तिथे बाकीचे रकाने रिकामे. ड्रुपल या वेबसाइट-प्रणालीच्या फीड्स मॉड्यूलने (बाहेरची माहिती आत आणणारा जोडभाग) आयात केली की प्रत्येक सहलेखकाचं वेगळं पुस्तक होतं. स्वतःचा पार्सर (फाइल वाचून नोंदी बनवणारा भाग) लिहावाच लागेल का?

उत्तर : हो. सगळे लेखक एकाच रकान्यात अर्धविराम देऊन लिहिलेले असते, तर सीएसव्हीचा (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) तयार पार्सर आणि आयात होताना मजकुरात फेरफार करणारं फीड्स टॅम्पर यांवर भागलं असतं. ओळी जोडून एक नोंद करणं मात्र पार्सरचंच काम. पार्सरमध्ये नोड (ड्रुपलमध्ये साठवलेली नोंद) सेव्ह करू नका. ते प्रोसेसरवर, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या भागावर सोडा, म्हणजे पुन्हा आयात केल्यावर जुनी नोंद शोधून तीच अद्ययावत होते. त्यासाठी मॅपिंगमध्ये (कुठला रकाना कुठे जातो ती जुळणी) दाखल क्रमांकाला युनिक करायला हवं, नाहीतर दर वेळी सगळी यादी पुन्हा नव्याने भरली जाते.

ओळीत दाखल क्रमांक दिसला की हातातली नोंद यादीत टाकून नवी सुरू करा. नसेल तर लेखक हातातल्याच नोंदीत घाला. ओळी वाचणारा लूप संपल्यावर शेवटची नोंद टाकायची हमखास राहते. शंभर-शंभर ओळींचे तुकडे करत असाल, तर तुकड्याच्या शेवटची नोंद तशीच सोडा आणि पुढचं वाचन तिच्या पहिल्या ओळीपासून करा (फाइल संपली असेल तर अर्थातच ती टाका). हे चुकलं तर सहलेखक गळतात, आणि एररही येत नाही.

फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारातच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, त्यांतून मजकूर परत मिळत नाही. यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला एक्सेल ३ बाइटचं बीओएम (न दिसणारी खूण) घालतं. ते आधी काढा, नाहीतर पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही आणि नेमका दाखल क्रमांकच रिकामा येतो. देवनागरी अंक पीएचपीला (ड्रुपल जिच्यात लिहिलंय ती भाषा) संख्या म्हणून कळत नाहीत, तेही बदलून घ्या. तारखेला दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्पष्ट सांगा; तिरप्या रेघांची ०५/०४/१९९८ ही तारीख पीएचपी एरवी ४ मे समजतं.

लेखक टॅक्सोनॉमीत (ड्रुपलमधली वर्गवारीची यादी) जात असतील तर 'कऱ्हाडे' दोनदा तयार झालेत का पाहा. कुणी ऱ हे अक्षर वापरतं, कुणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर फरक दिसत नाही, युनिकोड नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) तो मिटत नाही. पार्सरमध्येच दुसऱ्या क्रमाच्या जागी ऱ आणि हलन्त टाका.