वेढ्यातल्या शहरात शेताची खरेदी

तुमची शंका अशी: बायबलमधला संदेष्टा यिर्मया जन्मभर ‘यरुशलेम पडणार’ म्हणत राहिला, मग त्याच्या नावाच्या ग्रंथातल्या 30 ते 33 या अध्यायांतली तारणाची वचनं त्याची कशी? कुणीतरी मागाहून गोड शेवट चिकटवला असेल. त्या अध्यायांवरून नंतरचे हात फिरले असावेत असं बरेच अभ्यासक मानतात, मलाही ते पटतं. पण न्याय आणि तारण हे त्याच्याकडे एकमेकांना छेद देणारे सूर आहेत, हे नाही पटत. 32वा अध्याय बघा.

इ.स.पू. 587 च्या आसपासची गोष्ट. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याचा यरुशलेमला वेढा पडलाय, तटाला भिडवायला मातीचे चढ रचले जातायत, शहरात उपासमार आणि मरी. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर जाणार आणि तूही सुटणार नाहीस, असं तो यहूदाच्या राजाला, सिद्कीयाला, सांगत होता. अशात चुलतभाऊ हनामेल येतो: अनाथोथचं माझं शेत घे, सोडवून घ्यायचा (जवळच्या नातलगाने कुळाची जमीन विकत घ्यायचा) हक्क तुझाच आहे. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, यरुशलेमच्या ईशान्येला पाचेक किलोमीटरवर. म्हणजे शत्रूच्या फौजेने व्यापलेल्या मुलखातली जमीन! हनामेल नडलेला होता की चतुर, ग्रंथ सांगत नाही. मला तर चतुरच वाटतो.

यिर्मया 17 शेकेल चांदी तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. मग आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे वचन त्या कागदांसोबत येतं.

व्यवहार उरकल्यावर तो स्वतःच देवापुढे कुरकुरतो: शहर गेल्यात जमा आहे आणि तू म्हणतोस शेत घे? उत्तरात परमेश्वर शिक्षा मागे घेत नाही. खास्दी (बाबेलचे लोक) येतील, शहर जाळतील, हे आधी पुन्हा ऐकवतो, आणि मग त्याच लोकांना परत आणून वसवीन म्हणतो. तारण न्याय टाळून येत नाही, त्यातून पार झाल्यावर येतं.

टाळून येणारं तारण विकणारा माणूसही ग्रंथात आहे, 28व्या अध्यायातला संदेष्टा हनन्या. दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, म्हणतो. यिर्मया त्याला ‘आमेन, परमेश्वर तसं करो’ म्हणतो (टोमणा की मनापासून, यावर वाद घालायला मी तयार आहे), पण पुढे निरोप देतो: लाकडी जू मोडलंस, त्याजागी लोखंडी येईल. पुढच्याच अध्यायात बाबेलला कैद करून नेलेल्यांना यिर्मयाचं पत्र जातं: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या शहराचं भलं मागा, परतीला 70 वर्षं आहेत. पत्र वाचणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत परतणं नव्हतंच. खुद्द यिर्मयालाही शहर पडल्यानंतर मागे उरलेले लोक मिसरला (इजिप्तला) घेऊन गेले. त्या शेतातून त्याच्या हाती काही लागल्याचा उल्लेख कुठेच नाही.

वाचताना 28, 29, 32 असा क्रम धरा, 30-31 नंतर घ्या. ग्रंथ कालक्रमाने नाही: 36व्या अध्यायातली, राजाने यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी जाळल्याची घटना या सगळ्याच्या आधीची, यहोयाकीम राजाच्या वेळची. आणि जुनं ग्रीक भाषांतर उघडलंत तर शेतखरेदी 39व्या अध्यायात सापडेल, तिथली मांडणी वेगळी आहे.