हद्दवाढ, खालसा आणि दुअमल

अमेरिकेत, टेक्सासातल्या ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांचं घर हॅरिस काऊंटीत (काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आहे, पण कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही. अशा भागाला तिकडे 'अनइन्कॉर्पोरेटेड' म्हणतात. शहराने तो 'अनेक्स' केला, म्हणजे आपल्या हद्दीत घेतला, तर मराठीत 'विलीनीकरण' लिहावं का? आणि शहर नि तिथलं पाणीपुरवठ्याचं डिस्ट्रिक्ट (नळ-सांडपाणी सांभाळणारी स्थानिक संस्था) विक्रीकर वाटून घेतात, त्या व्यवस्थेला काय म्हणावं? मंडळाच्या अंकासाठी लेख लिहायचा आहे, म्हणून घाई आहे.

विलीनीकरण नको. मराठीत हा शब्द संस्थानांनी अडवून ठेवला आहे. कोल्हापूर संस्थानाचं १९४९ मध्ये मुंबई प्रांतात झालं ते विलीनीकरण. गोव्यात १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात जायचं की नाही हा वाद झाला, तेव्हाही एक बाजू विलीनीकरणवादी म्हणूनच ओळखली गेली. आपलं वेगळं राज्य असलेलं कोणीतरी दुसऱ्यात विरघळतं तेव्हा हा शब्द शोभतो. तुमच्या वसाहतीला स्वतःचं शहर नाहीच, मग विरघळणार काय? विरघळलंच तर तुमचं डिस्ट्रिक्ट. शहराने पूर्ण ताबा घेतला की ते बरखास्त होतं आणि त्याचं कर्ज शहराच्या डोक्यावर येतं.

रोजच्या मराठीतला शब्द 'हद्दवाढ'. अरबी 'हद्द'ला मराठी 'वाढ' जोडलेली, आणि कोणाला खटकतही नाही. पण हा शब्द शहराच्या बाजूचा आहे हे लक्षात ठेवा. वाढते ती शहराची हद्द. गावाचं काय होतं ते सांगायला वेगळं क्रियापद आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आणि २०२१ साली २३ गावं घेतली, तेव्हा अधिसूचनेत नि बातम्यांत 'समाविष्ट गावे' होती. पारावर मात्र 'आमचं गाव महापालिकेत गेलं'. गाव धरणात जातं, जमीन रस्त्यात जाते, त्याच चालीवर. महापालिकेचा माणूस 'आलं' म्हणेल, गावकरी 'गेलं'. ग्रामपंचायतीची घरपट्टी संपून पालिकेचा मिळकतकर सुरू झाला की हे 'गेलं' आणखी ठसक्यात येतं. करावरून ओरड झाली आणि २०२४ मध्ये फुरसुंगी नि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. त्याला शब्द 'वगळणे'. तुमच्या लेखात शहराची बाजू सांगताना हद्दवाढ लिहा, शेजाऱ्यांची सांगताना 'शहरात गेलो' लिहा.

'अनइन्कॉर्पोरेटेड' जास्त अवघड, कारण ती वस्तूच आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात शहराबाहेर पडलात की ग्रामपंचायत असतेच. कोणाकडे तरी घरपट्टी भरावीच लागते. तुमच्याकडे शहर संपलं की खाली थेट काऊंटी. रस्ते आणि शेरीफ तिचे, नळ आणि सांडपाणी डिस्ट्रिक्टचं. कोशातला 'अनिगमित' कंपनी कायद्याच्या वासाचा आहे. 'असमाविष्ट' म्हटलं की आज ना उद्या समाविष्ट होणारच असा सूर लागतो. 'ग्रामीण' तर साफ चूक. २०२० च्या जनगणनेत ४७ लाख वस्ती भरलेल्या काऊंटीत जवळपास २० लाख माणसं अशा भागात राहतात आणि तिथे शेतं नाहीत, मॉल आहेत. एकदा 'कुठल्याही शहराच्या हद्दीत न येणारा भाग' असं सरळ लिहा, पुढे 'हद्दीबाहेरचा भाग' पुरे.

आता कराची वाटणी. मला तुमच्या प्रश्नातला हाच भाग सगळ्यात आवडला. टेक्सासात दुकानातल्या पावतीवर विक्रीकर जास्तीत जास्त ८.२५ टक्के दिसतो. त्यातले ६.२५ राज्याचे, उरलेल्या २ टक्क्यांत स्थानिक संस्था. ह्यूस्टनने हद्दीबाहेरच्या बऱ्याच डिस्ट्रिक्टांशी करार केलेत. हमरस्त्यालगतची दुकानांची पट्टी 'मर्यादित हेतूसाठी' शहरात घ्यायची, तिथे शहराचा १ टक्का विक्रीकर लावायचा आणि त्यातला साधारण निम्मा डिस्ट्रिक्टला द्यायचा. म्हणजे १०० डॉलरच्या करपात्र खरेदीवर ५० सेंट शहराला, ५० डिस्ट्रिक्टला. मागच्या गल्लीतली घरं बाहेरच राहतात. शहर त्यांच्याकडून मालमत्ता कर घेत नाही, आणि त्यांच्या पाण्याचे पाइप बदलायची जबाबदारीही घेत नाही. नकाशावर शहराला रस्त्यांच्या कडेने बारीक शेपट्या फुटलेल्या दिसतात त्या याच.

याला 'कर-विभागणी' म्हणता येईल, पण तो शब्द अर्थसंकल्पाच्या भाषणातला. जुन्या मराठीत नेमका शब्द पडून आहे: दुअमल. एकाच गावाच्या महसुलावर दोन सरकारांचा अंमल. मराठे आणि निजाम यांच्या मुलखात अशी दुअमली गावं होती. वसुलीचे हिस्से ठरलेले, रयत मात्र दोघांची. हा शब्द आज कोणाला पटकन कळणार नाही हे मान्य, पण एका वाक्यात अर्थ सांगून वापरलात तर 'मर्यादित हेतूसाठी समावेशन' या लांबलचक शेपटीपेक्षा वाचकाच्या लक्षात राहील. चौकटीतल्या मथळ्याला तर फारच छान.

पूर्ण हद्दवाढीला मात्र जुना शब्द हवा असेल तर 'खालसा'. शाळेत आपण तो डलहौसीबरोबर शिकलो, १८४८ ला सातारा खालसा झालं म्हणून. मुळात हा वसुलीचा शब्द. अरबी 'खालिस' म्हणजे निर्भेळ. ज्या गावाचा महसूल मध्ये कोणाचा हक्क न येता थेट सरकारात जमा होतो ते खालसा. ज्याचा वसूल इनामदाराकडे लावून दिलेला, ते दुमाला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात गणेगाव खालसा आणि गणेगाव दुमाला अशी दोन्ही गावं आजही आहेत. इनामं केव्हाच गेली, पाटीवर हिशेब राहिला. १९९६ साली ह्यूस्टनने किंगवूड ही मोठी वसाहत रहिवाशांच्या विरोधाला न जुमानता हद्दीत घेतली, तिथे हा शब्द रागासकट बसतो. पण २०१९ पासून टेक्सासात रहिवाशांची किंवा जमीनमालकांची संमती नसताना अशी हद्दवाढ करणं, काही अपवाद सोडले तर, बंद झालं आहे. त्यामुळे पुढे काय होईल हे लिहिताना 'खालसा' टाळा. वाचक उगाच घाबरतील.

द वुडलँड्सचाही उल्लेख करणार असाल तर तिथे आणखी वेगळा मामला आहे. त्या वसाहतीने २००७ मध्ये ह्यूस्टनशी करार केला: शहराने आम्हाला हद्दीत घ्यायचं नाही, बदल्यात आम्ही परिसरातल्या सामायिक कामांना पैसे देऊ. इथे दुअमल चालणार नाही, कारण अंमल एकाचाच. मुलखाला त्रास न देण्याबद्दल पैसे घेणं याला आपल्याकडे चौथाई म्हणत. अर्थात चौथाई उत्पन्नाचा चौथा हिस्सा होती, आणि वुडलँड्सने एवढं काही दिलं नाही, तेव्हा तो शब्द गंमत म्हणून अवतरणचिन्हांत टाका, मजकुरात 'भरपाईचा करार' लिहा.