दोन फुटी टँकमध्ये गप्पी-मोलीपेक्षा वेगळे कोणते मासे ठेवता येतील?

माझं मत पी पफरला. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांमधला हा मासा जेमतेम ३ सेंटिमीटरचा. डोळे वेगवेगळे फिरवत तो काचेतून तुमच्याकडे बघतो, तेव्हा कोण कोणाला पाळतंय असा प्रश्न पडतो. पण साहेब भांडखोर आहेत. दुसऱ्या माशांचे पर कुरतडतात, त्यामुळे टँक फक्त त्यांचाच ठेवा. दोन फुटात पाच-सहा पुरे, त्यातही नर कमी, आणि लपायला भरपूर झाडं. कोरड्या दाण्यांना बहुतेक पफर तोंड लावत नाहीत. छोट्या गोगलगायी आणि फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) मिळण्याची सोय आधी करा, मासे नंतर आणा. नव्या, न मुरलेल्या (म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू अजून न वाढलेल्या) टँकमध्ये त्या घाणीतून विषारी अमोनिया वाढतो आणि तो यांना अजिबात सोसत नाही. निसर्गात यांची संख्या घटते आहे, म्हणून टँकमध्ये पैदास केलेले मिळत असतील तर तेच घ्या.

इतकी उठाठेव नको असेल तर कुली लोच. वाळूत शिरणारे, सापासारखे पट्टेदार, स्वभावाने गरीब. पाच-सहांचा गट आणि बारीक वाळू हवी. टँकला झाकण मात्र घट्ट लावा, फटीतून निसटतात.

दुकानदार 'मिस केरळ' गळ्यात मारेल. दिसते सुंदरच, पण १५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि थव्यात राहते. चार फुटी टँक असेल तरच तिच्याकडे बघा.