जेवलं की डोळे मिटायला लागतात, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी ३४ वर्षांची आहे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काम. एकला जेवते आणि अडीच वाजले की अशी झोप येते की स्क्रीनवरची एकच ओळ परत परत वाचते तरी डोक्यात काही शिरत नाही. जेवण काही फार नसतं, म्हणजे मला तरी तसं वाटतं. सकाळी नाश्त्याला वेळच मिळत नाही, चहावर भागवते. रात्री झोपायला साडेबारा होतात आणि सहाला उठावं लागतं. मैत्रीण म्हणते भात सोडून दे, घरचे म्हणतात जेवल्यावर सगळं रक्त पोटाकडे जातं म्हणून असं होतं. खरं काय?

उत्तर: भात सोडायच्या आधी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य परत वाचा, साडेबारा ते सहा. पडल्या पडल्या झोप लागली तरी ही साडेपाच तासांचीच झोप झाली, आणि मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. मुळात दुपारी एक ते चारच्या दरम्यान आपल्या शरीराचं घड्याळच थोडं मंदावतं, त्या दिवशी जेवला नाहीत तरी ही सुस्ती येतेच, फक्त झोप पुरेशी झालेली असेल तर ती हलकी असते, जाणवतही नाही. झोप अपुरी असली की मात्र तीच सुस्ती अंगावर येते आणि नेमकं तेव्हाच आपण जेवून उठलेलो असतो, मग सगळा दोष जेवणावर जातो. जेवणाचा हात त्यात आहेच, पण तो सुस्ती वाढवण्यापुरता.

रक्ताचं म्हणाल तर जेवल्यावर आतड्यांकडे जाणारं रक्त वाढतं हे खरं आहे, पण मेंदूचं रक्त कमी करून नाही. हृदय थोडं जास्त काम करतं आणि निरोगी माणसात मेंदूचा पुरवठा शरीर सांभाळून ठेवतं. झोप येण्याचं कारण बरंचसं मेंदूतच आहे. तिथे ओरेक्सिन बनवणाऱ्या काही पेशी असतात, आपल्याला जागं ठेवणं हे त्यांचं काम. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ग्लुकोज वाढलं की या पेशी शांत होतात आणि प्रोटीनमधली अमिनो ॲसिड्स मिळाली की उलट जास्त सक्रिय होतात. शिवाय पोट भरल्यावर आतड्यांतून जी हार्मोन्स सुटतात तीसुद्धा मेंदूला आता जरा आराम कर असंच सांगतात, आणि जेवण जितकं मोठं आणि तेलकट तितका हा निरोप जोरात.

म्हणून माझं म्हणणं असं की भात सोडू नका, ताट बदला. सध्या निम्म्याहून जास्त भात किंवा ब्रेड असेल तर तो पाव ताटावर आणा, पाव ताट प्रोटीन, म्हणजे डाळ, कडधान्य, अंडी, मासे, दही जे खात असाल ते, आणि उरलेलं अर्धं ताट भाज्या. आणि खाताना आधी भाजी आणि प्रोटीन खा, भात शेवटी. टाइप २ डायबेटिस असलेल्या लोकांवर याचे अभ्यास झालेत, तेच अन्न, तेवढंच अन्न, फक्त क्रम बदलला तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढते. मला हा उपाय फार आवडतो कारण यात काहीच सोडावं लागत नाही. जेवल्यावर लगेच खुर्चीत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट वापरायला लागतात.

नाश्त्याचं मात्र मनावर घ्या. सकाळपासून नुसत्या चहावर राहिलं की एक वाजता माणूस भुकेने घाईघाईत जेवतो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत जास्त खाऊन मोकळा होतो, तुम्हाला "फार नसतं" वाटणारं जेवण कदाचित असंच वाढत असेल. उकडलेली दोन अंडी किंवा वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यानेही फरक पडेल.

डुलकी काढायची सोय असेल तर तीनच्या आत आणि वीस मिनिटांचीच, अलार्म लावून. त्याहून लांबली की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं आणखी जड होतं. कॉफी दुपारी चारनंतर नको, कॅफिन साधारण पाच तासांत निम्मं होतं म्हणजे रात्री नऊलाही निम्मं अंगात शिल्लक, मग पुन्हा साडेबाराच वाजणार ना.

हे सगळं तीन-चार आठवडे करूनही थकवा तसाच राहिला तर तपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन (बाईचं १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, थायरॉइड आणि साखर. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत हवी, १२६ किंवा वर म्हणजे डायबेटिसची शक्यता, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के असेल तर प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी. सारखी तहान, सारखी लघवी, कारण नसताना वजन कमी होणं, यातलं काही असेल तर मात्र आठवडे थांबू नका, लगेच जा. आणि घोरण्याबद्दल घरच्यांना विचारा, झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येते.

प्रश्न: संध्याकाळी चारला काहीतरी गोड खाल्लं की बरं वाटतं पण तासाभरात पुन्हा गळून जाते. गोड बंद करू का?

उत्तर: पूर्ण बंद नको, पण रिकाम्या पोटी नुसतं गोड नको. साखर भराभर चढते, मग इन्सुलिन येऊन ती खाली आणतं, आणि काहींना त्या उतारावर गळल्यासारखं होतं. आधी फळ आणि थोडे बदाम-शेंगदाणे खा, पाणी प्या, मग हवं तर गोडाचा छोटा तुकडा. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड असं होत असेल तर त्या वेळी साखर मोजून घ्या.

प्रश्न: वडील ७६ वर्षांचे आहेत. जेवून उठले की त्यांना चक्कर येते, अंधारी येते, एकदा भिंत धरावी लागली. वयामुळे म्हणायचं का?

उत्तर: वय आहे म्हणून सोडून देऊ नका, ही नेहमीची सुस्ती नाही. उतारवयात जेवणानंतर बीपी खाली येऊ शकतं, वरचा आकडा दोन तासांच्या आत २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात, कारण यात म्हातारी माणसं पडतात. त्यांना दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, एका वेळी भात-ब्रेड कमी. जेवणाआधी ग्लासभर पाणी उपयोगी पडतं, पण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. जेवल्यावर अर्धा-एक तास बसवून ठेवा, उठताना आधार द्या. आणि चार-पाच दिवस जेवणाआधी आणि नंतर दर अर्ध्या तासाने दोन तासांपर्यंत बीपी मोजा, आकड्यांसमोर वेळ आणि त्या दिवशी गोळी कधी घेतली ते लिहा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, बीपीच्या गोळीची वेळ बदलायची का डोस कमी करायचा ते त्यांनाच ठरवू दे.